भिंतीवरचा कवडसा आणि एकदाच मिळणारी चाचणी

मला तो नियम माहीत होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

हवाई दलात वैमानिक व्हायचं तर निवडीच्या वेळी यंत्रावर एक चाचणी देतात. हातात दांडा, पायाखाली पेडल, समोर पडद्यावर पळणारा ठिपका. तो चौकटीत धरून ठेवायचा. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की विमान संपलं.

सदाशिव पेठेत या निवडीच्या तयारीसाठी मी लावलेल्या क्लासमध्ये सरांनी हे पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. पुढे मला चष्मा लागला, क्लास सुटला आणि मी मुकाट्याने कॉम्प्युटरकडे वळलो. तेव्हा पुण्यात जो तो तिकडेच वळत होता. धाकट्या भावाचे डोळे मात्र लख्ख होते.

त्याची तयारी मीच करून घ्यायचो. बिबवेवाडीतल्या आमच्या घरात दुपारचं ऊन आलं की मी आरसा हलवून भिंतीवर कवडसा पळवायचो. त्याने आपल्या आरशाचा कवडसा माझ्या कवडशावर टेकवून ठेवायचा आणि त्याच वेळी आईच्या शिलाई मशीनची पायपट्टी एका लयीत चालवायची. आई म्हणायची, "विमान उतरलं असेल तर सांगा. शेजारणीचा ब्लाउज अडलाय."

मी कवडसा कसाही फेकला तरी तो पकडायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं, आणि ते सहनही व्हायचं नाही.

बोलावणं आलं. निघायच्या आदल्या दिवशी त्याला सणकून ताप भरला.

"दादा, तारीख बदलून मागू का? देतात म्हणे."

देत असत. तेही मला माहीत होतं.

"अरे, जा की," मी चष्मा पुसत म्हणालो. "अनुभव म्हणून दे. नाही जमलं तर पुढच्या वेळी आहेच."

तो गेला. तापात ठिपका चौकटीत राहिला नाही, तो नापास झाला. परत आला तो थेट माझ्या खोलीत. "एकदाच असते रे ती," म्हणाला. "जाऊ दे, तुला तरी काय माहीत असणार!" आणि माझ्याच पाठीवर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

मी हिंजवडीत मॅनेजर झालो. त्याने इन्व्हर्टरचं दुकान टाकलं. वरून लढाऊ विमान गेलं की गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तो गप्प होतो, आवाज विरेपर्यंत.

आता त्याच्या मुलीला उडायचंय. परवा तिला घेऊन घरी आला. "काकाला विचार सगळं. माझ्या वेळी बिचाऱ्याला नियम ठाऊक नव्हता. तेव्हापासून सगळं वाचून ठेवलंय त्याने."

मी तिला सांगितलं : डोळे जप, रोज पळ, आणि अंगात ताप असेल तर अजिबात जाऊ नकोस, तारीख बदलून माग.

"काका, एकदाच म्हणजे अगदी एकदाच?"

"एकदाच."

"बघ," भाऊ तिला म्हणाला, "मला हे कुणी सांगायला हवं होतं." आणि त्याने चहाचा कप उचलला.

मी तेव्हाही बोललो नाही. त्याचं वैमानिक होणं मला परत देता येणार नाही. पण त्याच्यासमोर बसून "मला माहीत होतं" एवढं सांगणं, हे त्याचं देणं मी लागतो. ते अजून बाकी आहे.