पाठकोरा अर्ज

तुकोजी फणसे रागीट आहे हे इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या त्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. तो पळतो हेही ऐकून माहीत होतं. पण त्याला पळताना कोणी पाहिलेलं नव्हतं, कारण तो पळायचा तेव्हा चाळ गाढ झोपलेली असायची.

सव्वातीनला उठायचं, तांब्याभर पाणी प्यायचं, अंधारातच कॅनव्हासचे बूट चढवायचे आणि बाणगंगेवरून सांवेरच्या रस्त्याला लागायचं. सहा मैलांचा दगड हाताने शिवायचा आणि उलटं फिरायचं. पाचच्या सुमारास घरी. अंघोळ, दोन पोळ्या आणि गूळ, की पावणेसातला मिलच्या फाटकाशी. सातचा भोंगा झाला की फाटक बंद व्हायचं, मग तुम्ही कोण का असेना. तिथून साडेतीनपर्यंत चार मागांमध्ये येरझारा, तुटलेले धागे जोडत, कानात तो खडखडाट घेऊन. दुसरी पाळी असली की रात्री साडेबाराला घरी आणि तीन तास झोपून पुन्हा रस्ता. उन्हं चढल्यावर माळव्यातल्या डांबरी रस्त्यावर पळून दाखवावं कोणीही, असं तो म्हणायचा.

वडील होळकरांच्या रिसाल्यात होते. संस्थान विलीन झालं तेव्हा घोडा सरकारजमा झाला आणि मुलगा मिलमध्ये. तुकोजीला कोणी पळायला शिकवलं नव्हतं. पंचविसाव्या वर्षी एकदा मुकादमाशी भांडण झालं, हात उचलला असता तर नोकरी गेली असती, म्हणून तो पाळी सुटल्यावर सरळ पळत सुटला आणि सांवेरच्या रस्त्यावर कुठेतरी थांबला. तेव्हा लक्षात आलं की श्वास लागलेला नाही.

मंगलाचा, त्याच्या बायकोचा, या पळण्यावर वेगळाच राग होता. चाळीच्या नळाला पाणी चार ते पाच एवढंच यायचं.

"सगळ्यांचे नवरे हंडे उचलतात," ती म्हणायची. "माझा नवरा त्या वेळी सांवेरच्या वाटेवर. अहो, एक दिवस तरी नळावर या. तिथेही पळापळच असते."

"रविवारी भरीन."

"रविवारी तर तुम्ही थेट सांवेरला जाता आणि दूधवाल्याच्या ट्रकवर बसून दहाला येता!"

यावर तुकोजी चिडायचा, आणि मग दोघंही चिडून आपापल्या कामाला लागायची. पण त्याचे घामाने कडक झालेले बनियन ती रोज धुवायची, आणि बुटाचा तळ फाटला तेव्हा सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा चांभाराकडे तीच घेऊन गेली होती.

मध्य प्रदेश होऊन पाच वर्षं झाली होती. कचेऱ्या भोपाळला गेल्या, साहेब भोपाळला गेले, आणि राज्याच्या मॅरेथॉनची निवड-शर्यतही भोपाळलाच. इंदूरच्या माणसाने काहीही करायचं तर आधी आष्ट्याच्या रस्त्याने बस पकडायची. त्याचंही तुकोजीला काही नव्हतं. पण अर्जावर मालकाचा शिक्का लागायचा, आणि शिक्का होता शरदचंद्र दिघ्यांच्या टेबलाच्या खणात.

दिघे मिलचे खेळ-सेक्रेटरी. मूळचे पुण्याकडचे, कडक इस्त्रीचे, बोलायला गोड. मिलची क्रिकेट टीम म्हणजे त्यांचा जीव. त्या टीमचे अकरा जण कागदोपत्री कापडखात्यात कामाला होते. सकाळी हजेरी लावायची आणि दहा वाजता नेटवर जायचं. त्यांना पांढरे बूट, त्यांना दूध, मॅच असली की भरपगारी रजा. तुकोजीने चार वर्षांत एकदाच काही मागितलं होतं: शर्यतीआधीचा दीड महिना फक्त पहिली पाळी द्या, म्हणजे रात्रीची झोप मिळेल.

दिघे हसले होते. "तुकोजी, क्रिकेट हा खेळ आहे. त्याला तंत्र लागतं. पळायला काय लागतं रे? चोरसुद्धा पळतो."

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. तुकोजी खाली मान घालून मागावर गेला. त्या दिवशी त्याच्या हातून एक धोटा इतक्या जोरात फेकला गेला की शेजारचा माणूस दोन पावलं मागे सरकला.

पाळी मिळाली नाही. तरी त्या साली, एकसष्टच्या डिसेंबरात, त्याने अर्ज भरला. सरकारी छापील फॉर्म, हिंदीत. वय, उंची, वजन, मागचा अनुभव. 'फणसे' लिहिताना टाक अडकला आणि शाई पसरली, म्हणून नाव दोनदा गिरवावं लागलं. दिघ्यांनी फॉर्म घेतला, वाचल्यासारखा केला आणि म्हणाले, "शिक्का मारून पाठवतो. तू काळजी करू नकोस."

तीन आठवड्यांनी त्याने विचारलं. "कधीच गेला," दिघे म्हणाले.

जानेवारीत तुकोजी बिनपगारी रजा काढून भोपाळला गेला. धर्मशाळेत झोपला, पहाटे उठून मैदानावर पोचला. पोलीस आणि पलटणीतली मुलं तिथे अंग मोकळं करत होती. टेबलाशी बसलेल्या बाबूने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर.

"फणसे? नाम नहीं है."

"साब, मील से फारम आया होगा."

"आया होता तो नाम होता ना, भाई. अगले साल."

तुकोजीने पुष्कळ हातपाय जोडले. मी बिननंबराचा पळतो, मागून पळतो, असंही म्हणाला. एका हवालदाराने त्याला दंडाला धरून दोरीच्या बाहेर उभं केलं. शिट्टी वाजली, तीस-एकतीस जण पुढून निघून गेले. तो दोरीजवळ उभा राहिला, पायात टायरच्या तळाचे बूट, आणि त्याला कळेना की या पायांचं आता करायचं काय. पहिला आला त्याची वेळ त्याने कान देऊन ऐकली. ती तुकोजीला सांवेरच्या रस्त्यावर जमली असती. नक्की जमली असती, असं नाही. पण जमली असती.

परतीच्या बसने तो घरी आला. मंगलाने ताट वाढलं, त्याच्याकडे बघितलं, आणि त्याचे बूट उचलून कोपऱ्यात ठेवले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो कापडखात्याच्या नोटीस बोर्डापाशी उभा होता. रविवारच्या मॅचची टीम लागली होती. दिघ्यांचं वळणदार अक्षर, एक ते अकरा नावं, खाली बारावा माणूस. कागदाची खालची टाचणी गळून पडली होती आणि पंख्याच्या वाऱ्याने कागद वर-खाली होत होता. एकदा तो पुरता उलटला. मागच्या बाजूला छापील रकाने होते, आणि पहिल्या रकान्यात दोनदा गिरवलेलं, शाई पसरलेलं नाव: तुकोजी फणसे.

त्याने कागद बोर्डावरून काढला. दोन्ही बाजू पाहिल्या. पुन्हा पाहिल्या.

मारुती नावाचा ऑफिसचा शिपाई तिथूनच चहाची किटली घेऊन चालला होता. "अरे भिया, ते काढू नको, मी लावलंय. साहेब मेरे पे चिडतील."

"हा कागद तुला कोणी दिला, मारुती?"

"दिघेसाहेबांनी. खणात पाठकोरे कागद ठेवतात ते. का? क्या हुआ?"

तुकोजीने कागद त्याच्या तोंडापुढे धरला. मारुतीला वाचता येत नव्हतं, पण तुकोजीचा चेहरा वाचता येत होता. त्याने किटली खाली ठेवली. "भिया, हाथ मत उठाना," तो हळूच म्हणाला. "बस इतना सुन ले मेरा."

तुकोजी ऑफिसात गेला. दिघे डबा खात होते. त्याने कागद टेबलावर ठेवला, आधी टीमची बाजू वर, मग उलटा.

दिघ्यांनी बघितलं. घास गिळला. क्षणभर त्यांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "अरे, राहून गेला वाटतं. इतके कागद असतात. आता यादी लिहायला हाताशी होता, घेतला. एवढं काय त्यात? पुढच्या वर्षी पाठवू."

"तुम्ही सांगितलं, कधीच गेला."

"तेव्हा मला तसं वाटलं असेल."

"साहेब," तुकोजी म्हणाला, आणि त्याचा आवाज मागांच्या खडखडाटाला सवयीचा असल्यामुळे सगळ्या ऑफिसात ऐकू गेला, "तुम्ही म्हणाला होतात, चोरसुद्धा पळतो. मी आयुष्यात पळणारा चोर पाहिला नाही. आज बसलेला पाहिला. डबा खाताना."

टाइपरायटर थांबले. दिघे उठून उभे राहिले, त्यांच्या हातातली पोळी तशीच राहिली. "बाहेर हो! कोणाशी बोलतोयस तू?"

"तुमच्याशी. ह्या वर्षभरात मी जितका पळालो, तितकं तुमचे अकराच्या अकरा मिळून पळाले नसतील. आणि माझं वर्ष तुम्ही बारावा माणूस लिहायला वापरलंत."

कागद उचलून त्याने घडी घातली आणि खिशात ठेवला. हात उचलला नाही. मारुतीने सांगितलं म्हणून नव्हे, उचलला असता तर थांबता आलं नसतं, हे त्याला कळत होतं.

संध्याकाळपर्यंत आरोपपत्र आलं: वरिष्ठांशी उद्धट वर्तन, सूचनाफलकावरील कागद काढणे. आठ दिवस निलंबन. अर्ज का गेला नाही, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

त्या आठ दिवसांत तो पळाला नाही. पहिल्या दिवशी गेला होता, पण रागाने पाय इतके आवळले की चौथ्या मैलावर पोटरीत गोळा आला आणि लंगडत यावं लागलं. मग तो पहाटे नळावर जाऊ लागला. हंडे भरायचा, कपाळाला आठ्या घालून. बायका त्याला बघून बाजूला सरकायच्या. चौथ्या दिवशी मंगला भडकली.

"असे हंडे भरून नकोत मला! तोंड बघा आपलं, पाणी आटेल ते बघून. नळावर सगळ्या मला विचारतात, तुझ्या नवऱ्याला झालंय काय?"

"मग करू काय मी? पुन्हा त्याच्याकडेच शिक्क्यासाठी जाऊ?"

"त्याच्याकडे कशाला? त्याच्या वर कोणी नाही का?"

"मॅनेजर? मला आत कोण सोडेल?"

"तुम्ही पहाटे उठता ना? तो मॅनेजरही पहाटे फिरायला जातो. त्याच्या बंगल्यावरची धुणंवाली सांगते. बंगल्यापासून रेसिडेन्सीच्या झाडीपर्यंत, हातात काठी घेऊन. त्या वेळी त्याच्याभोवती चपराशी नसतो." ती हंडा टेकवून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पण ते वर्षभर पळाल्यावर. आधी पळा. अन् राग सांभाळून ठेवा, दवडू नका असा माझ्यावर."

तुकोजीने वर्षभर तेच केलं. पाळी फिरतीच राहिली. दिघ्यांनी त्याला मुद्दाम दोन जुने, सतत धागा तोडणारे माग दिले, असं सगळे म्हणत. सिद्ध कोण करणार? पावसाळ्यात सांवेरच्या रस्त्यावर काळा चिखल बुटाला शेर-शेर चिकटायचा. उन्हाळ्यात पहाटेही लूच्या गरम झळा असायच्या. कधी पाच मैलांनंतर त्याला काहीच आठवायचं नाही, कधी पाचव्या मैलापर्यंत तो दिघ्यांशी मनातल्या मनात भांडतच असायचा, आणि त्या दिवशी तो दगड लवकर यायचा.

बासष्टच्या नोव्हेंबरात एका पहाटे तो सांवेरऐवजी रेसिडेन्सीकडे पळाला. मॅनेजरसाहेब, मफलर गुंडाळलेले साठीचे गृहस्थ, त्याला बघून दचकले आणि काठी आडवी धरली.

"कौन है?"

"साब, मैं कापडखाते का तुकोजी. फारम पे सही चाहिए."

"यहाँ? इस वक्त?"

"सात बजे के बाद मैं माग पे रहता हूँ, साब. और दफ्तर में मुझे कोई आने नहीं देता."

त्याने नवा फॉर्म दिला, आणि त्याखाली तो जुना, घडीच्या रेषांवर फाटत आलेला. मॅनेजरांनी रस्त्याच्या दिव्याखाली दोन्ही बाजू वाचल्या. मग विचारलं, "रोज दौड़ते हो? ड्यूटी से पहले?"

"सात बरस से."

जवळच्याच एका फाटकाच्या खांबावर कागद ठेवून त्यांनी सही केली आणि शिक्क्यासाठी दहा वाजता स्वतःच्या खोलीत बोलावलं. फॉर्म रजिस्टर पोस्टाने टाकायला मंगला गेली. पावती तिने देवाच्या तसबिरीमागे खोचली.

जानेवारीत भोपाळला त्याचं नाव यादीत होतं. तो दुसरा आला आणि निवडला गेला. पहिला आलेला पोलिसातला जवान होता, पळणं हीच त्याची ड्यूटी. शेवटचे दोन मैल तुकोजीला तो दिसत होता, हात लांब करावा इतका नाही, पण दिसत होता. राष्ट्रीय शर्यतीत तुकोजी एकोणिसावा आला. तेव्हा त्याचं वय तेहतीस होतं आणि त्याच्याहून पुढचे सगळे पंचविशीच्या आतले.

तो परतला तेव्हा मिलमध्ये हार आले, फोटोग्राफर आला. खुर्च्यांची रांग लावली होती. मधे मॅनेजर, एका बाजूला क्रिकेटची ढाल घेऊन टीम, दुसऱ्या बाजूला दिघे. दिघ्यांनी हसत हसत तुकोजीच्या खांद्यावर हात टाकला. "आमच्या खेळ-विभागाचा हिरा! ये, इथे माझ्याजवळ उभा राहा."

तुकोजीने तो हात दोन बोटांनी उचलून बाजूला केला, जसा अंगावर पडलेला धागा काढतात तसा. "मॅनेजरसाब, आपने सही दी, आपका उपकार है," तो म्हणाला. "पर इनके साथ फोटो में मैं नहीं खड़ा रहूँगा." आणि हार काढून मारुतीच्या गळ्यात घालून तो मागावर निघून गेला. या खेपेला आरोपपत्र आलं नाही.

तुकोजी पुढे बारा वर्षं पळाला, गुडघा गेला तोवर. पुन्हा कधी निवड झाली नाही. दिघे यथावकाश निवृत्त झाले, राजेंद्र नगरात बंगली बांधून राहिले. कधी इंदूरच्याच लालबागेतल्या जत्रेत समोरासमोर आले तर ते नमस्कार करायचे. तुकोजी करायचा नाही.

"अहो, म्हातारे झालेत ते आता," एकदा शेजारी म्हणाले. "सोडा ना भिया. जुनी गोष्ट आहे."

"जुनी तुमच्यासाठी," तुकोजी म्हणाला. "बत्तिसाव्या वर्षी माणूस जसा पळतो तसा तो तेहतिसाव्या वर्षी पळत नाही. ते एक वर्ष त्यांनी मला परत द्यावं, मी नमस्कार करतो."

मंगला शेजारी उभी होती. ती एरवी त्याला गप्प करायची. त्या दिवशी तिने केलं नाही.