वैशालीचं हेडगार्ड

वैशालीवर मी अन्याय केला. चार वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सव्वापाच वाजता — कराडशेजारच्या मलकापुरात, आमच्या तायक्वांदो क्लासच्या पत्र्याच्या शेडमध्ये. वेळ इतकी नेमकी ठाऊक असूनही गेल्या रविवारपर्यंत मी हे कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, सरांना नाही. पत्रकं लिहिणारी पोरगी मी, दुसऱ्यांनी झाकलेलं उघडं करायची मला हौस. स्वतःचं मात्र —

थांबा. सरळ सांगते. म्हणजे प्रयत्न करते.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझं पत्रक वाचलं असेल. कराडपासून सांगलीपर्यंत शाळाशाळांत ते मी स्वतः वाटलं. डोक्याला हेडगार्ड, म्हणजे ते फोमचं शिरस्त्राण, असल्याशिवाय एकाही पोराला फाइटला उभं करू नका, ही माझी मागणी. त्यात एका मुलीची गोष्ट होती. माण तालुक्यातली, मावशीकडं राहून पोलीस भरतीची तयारी करणारी. सरावात गरम होतंय म्हणून तिनं हेडगार्ड काढलं, डोक्याला किक बसली, भरती हुकली. नाव मी छापलं नव्हतं. छापायची गरज काय होती? माणमधली आमच्या क्लासला एकच होती.

ती वैशाली. आणि किक मारणारी मी. हे दुसरं पत्रकात नव्हतं.

मी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, क्लासमध्ये सीनिअर. हेडगार्ड नुकतीच आली होती, माझ्याच खटपटीनं. दुसऱ्या दिवशी पालकांना प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. सर खुर्च्या बघायला गेले, शेडमध्ये आम्ही दोघीच. जाताना त्यांनी बजावलं होतं — डोक्याला पाय नुसता लावायचा, मारायचा नाही.

मी मारला. पूर्ण जोरानं. का? हे घातल्यावर खरंच काही होत नाही, ते मला बघायचं होतं. — नाही, हेही अर्धंच झालं. मला मारायचं होतं. इतकी वर्षं समोरच्याच्या कानापाशी पाय नेऊन थांबवायला शिकले होते, आणि आता तिथं जाड फोम होता. मग थांबायचं कशाला?

ती दोन पावलं मागं गेली. "ताई, कानात वाजतंय," म्हणाली.

"हेडगार्ड हाय की. नाटकं नको, उभी राहा."

ती उभी राहिली. मी सांगितलं म्हणून. आणि मी दुसरी मारली.

ती गुडघ्यावर आली, मग ओकली. तिला श्वास घेता यावा म्हणून तिचं हेडगार्ड मीच काढलं, या हातांनी, आणि मॅटवर टाकलं. तेवढ्यात सर दारात. पोरीचं डोकं उघडं, हेडगार्ड बाजूला. त्यांनी विचारलं, हे असं कसं? मी म्हणाले, "तिनंच काढलं होतं सर. गरम होतंय म्हणाली."

विचार करायला क्षणही लागला नाही. माझी मला भीती वाटते ती इथं.

तुम्ही विचाराल, वैशाली गप्प कशी बसली? तिला आठवतच नव्हतं. मेंदूला हिसका बसलाय, असं डॉक्टर म्हणाले. क्लासला निघाल्यापासून दवाखान्यात जाग येईपर्यंत तिच्याकडं काही शिल्लक नव्हतं. त्या रिकाम्या जागेत मी सांगितलेलं बसलं. महिनाभर तिला उजेड सोसेना, दोन ओळी वाचल्या की डोकं ठणकायचं. मैदानी चाचणीची तारीख आली आणि गेली. तिचे वडील, अण्णा, मुंबईत कामाला, ते रजा टाकून आले आणि माझ्यासमोर तिला म्हणाले, "डोक्यावरचं तेवढं ठेवता आलं न्हाई व्हय तुला?" ती खाली बघत राहिली. मीही. नंतर मला म्हणाली, "ताई, माझ्यापायी तुमाला बोलणी बसली. चुकलं माझं."

मी म्हणाले, असू दे.

मी तिला माफ केलं. कळतंय का तुम्हाला? आणि वर तिचं पत्रक केलं.

यंदा कवठे महांकाळला एका क्लासमध्ये गेले होते. दहा-अकरा वर्षांची दोन पोरं, दोघांच्या डोक्यावर हेडगार्ड, आणि शिकवणारा ओरडतोय, "मार रं जोरात, हेडगार्ड हाय!" एकानं किक खाल्ली आणि कानात पाणी गेल्यासारखं डोकं झटकलं. परत उभा. त्यांचे सर माझ्याकडं वळून कौतुकानं म्हणाले, "तुमच्या त्या पोरीगत आमच्यात कोण काढत न्हाई, मॅडम."

हेडगार्डनं भुवई फुटत नाही, कान फाटत नाही. तेवढ्यासाठी ते घालावंच. पण आतला मेंदू हलायचा तो हलतोच, आणि फोम बघून मारणारा जास्त जोरानं मारतो. हे कुणी मला शिकवायला नको होतं. पत्रक लिहिण्याआधी मी ते दोन हातांच्या अंतरावरून पाहिलं होतं. आणि लिहिलं उलटं.

गेल्या रविवारी माणमधल्या दहिवडीला गेले. वैशाली तिथं एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते. भरतीला परत उभी राहिली नाही, अण्णांनी राहू दिलं नाही. दुकानाच्या पायरीवर मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही.

"चार वर्सं मी माझ्याच डोक्याला शिव्या घालतीया," म्हणाली. उठली, ओढणी झटकली. मग म्हणाली, "मला काय सांगतीयास? मला तर काय आठवत न्हाई. ज्यास्नी सांगितलंस त्यास्नी जाऊन सांग." ताई नाही, तुमी नाही. गिऱ्हाईक आलं, ती आत गेली.

अण्णांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि ठेवून दिला. सरांना सांगितलं. राहिलात तुम्ही. माझी दया नको, माझ्यावर लिहायचं असेल तर लिहा. पण तिची गोष्ट तुम्ही पुढं सांगितली असेल — घरी पोरीला दटावताना, क्लासमध्ये, पालकसभेत. ज्यांना सांगितलीत, त्यांच्याकडं आजच परत जा. त्यांना सांगा, वैशालीनं हेडगार्ड काढलं नव्हतं. ती समोरचीवर विश्वास ठेवून उभी होती.