तात्यांचं रीडिंग

पणदऱ्याच्या डेअरीतले तात्या दुधाचं फॅट मोजता मोजता माणसांचंही मोजत. समोर कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे चष्म्यावरून एकदा बघायचं आणि आकडा सांगून मोकळं व्हायचं. "मारुतीआबा, साडेसहा. निव्वळ म्हशीचं." "ह्यो मास्तर तीन पॉईंट पाच. गायीचं हाय, पातळ हाय, पर रोज येतंय." मी त्या गावात नवी होते तेव्हा त्यांनी मला चार पॉईंट दोन दिलं आणि पुढे म्हणाले, "सकस हाय, पर बाई, जरा गाळून घेतल्यावानी." पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईला दुधाच्या भाषेत कुणी मापावं याचा मला राग आला होता. पुढे कळलं की पणदऱ्यात तात्यांचा आकडा मिळणं म्हणजे गावात नाव लागणं.

ईशान, मीरा, ही गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. तुमचे आजोबा जनावरांचे डॉक्टर म्हणून पणदऱ्यात होते आणि मी तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. आम्ही दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये राहत असू. रोज सकाळी सहाला मी पितळी कॅन घेऊन डेअरीत दूध आणायला जात असे. तुम्हाला वाटेल, आजीला आज डेअरी कुठून आठवली. सांगते. परवा फोनवर ईशान त्याच्या हॉकीच्या संघाबद्दल तावातावाने बोलत होता. तुमच्याकडे परदेशात उन्हाळ्यात सामने नसतात, तेव्हा पुढच्या वर्षी कोण हवा आणि कोण नको यावर तुम्ही मित्र भांडता. बोलता बोलता तो त्यांच्या गोलकीपरबद्दल म्हणाला, "तो विकला गेला होता, आजी. सगळ्यांना माहितेय." त्यानंतर मी दोन रात्री नीट झोपले नाही.

पणदऱ्यातही हॉकी होती. फौजेतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी ती आणली, शाळेमागच्या मैदानात पोरांना शिकवली आणि ते वारल्यावरही ती टिकली. काठ्या बाभळीच्या, गावच्या सुताराने वाफवून वाकवलेल्या. दिवाळीनंतर सामने सुरू होत, शिमग्याला संपत. पावसाळ्यात मैदानाची काळी माती घोट्यापर्यंत धरायची, मग खेळ बंद. पण खेळ बंद झाला की बोलणं सुरू व्हायचं. टँकर येईपर्यंत डेअरीच्या पायरीवर पंधरा-वीस माणसं कॅन टेकवून बसत आणि न खेळलेले सामने खेळत.

"आपली टीम म्हंजी पहिल्या हापला वाघ," मारुतीआबा म्हणायचे. "दुसऱ्या हापला शेळी." मारुतीआबा भाजीवाले माळी, त्यांनी स्वतः कधी काठी हातात धरली नव्हती, पण गेल्या दहा वर्षांतला प्रत्येक गोल त्यांना पाठ होता.

"तुमच्या पुतन्याला काढा म्हंजी दुसऱ्या हापलाबी वाघ," कुणीतरी मागून.

"का? त्यानं काय केलंय?"

"काय केलंय त्येच इचारतोय आमी. तीन वरसं सेंटरला खेळतोय, गोल न्हाय एक."

मग सगळे तात्यांकडे बघत. तात्या यंत्राची नळी कापडाने पुसत, घाई न करता, आणि आकडा सांगत. "पुतन्या पाच. ऱ्हाऊ द्या. लेफ्ट औटला ते अंथुर्ण्याचं पाव्हणं पोरगं घ्या, ते सहाच्या खाली न्हाय." विषय संपला. भिंतीवरच्या फळ्यावर, दुधाच्या दराशेजारी, तात्या खडूने अकरा नावं लिहायचे आणि दसऱ्यापर्यंत ती पुसून, फिरवून, पुन्हा लिहायचे. दुधाच्या बाबतीत त्यांचं रीडिंग कधी चुकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे माणसाच्या बाबतीतही चुकत नसणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीसुद्धा.

फळ्यावर पहिलं नाव कायम सदाचं असे. सदा माझा दहावीचा विद्यार्थी, नंतर गोलकीपर. त्याच्या आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली. वडील लवकर गेले, आई आणि तो थोडा ऊस, दोन म्हशी सांभाळत. "आज्यानं सरळ काठी धरली, नातवानं वाकडी धरली, पर राखन दोघांचीबी चोख," असं तात्या कौतुकाने सांगत. सदाला त्यांनी सात दिलं होतं. गावात सात दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

त्या वर्षीची फायनल इंदापूरला होती, समोर वरकुट्याचा संघ. प्रमुख पाहुणे उशिरा आले, भाषणं लांबली आणि शेवटची दहा मिनिटं दिवस मावळल्यावर खेळली गेली. बरोबरी होती. वरकुट्याच्या पोराने लांबून एक साधा चेंडू ढकलला. तो घरंगळत आला आणि सदाच्या दोन पायांमधून आत गेला. सदाने पायही हलवला नाही. तुमच्या आजोबांबरोबर मी तो सामना पाहिला.

सदाने पाय का हलवला नाही हे पणदऱ्यात दोघांनाच ठाऊक होतं. त्याला स्वतःला, आणि मला.

फायनलच्या महिनाभर आधी तो फौजेच्या भरतीचा अर्ज भरून घ्यायला आमच्याकडे आला होता. अर्ज भरेपर्यंत संध्याकाळ झाली. निघताना तो आमच्या तीन पायऱ्या हाताने चाचपत उतरला, जाईच्या वेलावर आदळला. मी कंदील आणायला वळले तेव्हा म्हणाला, "बाई, दिवस बुडला की मला काय दिसत न्हाय. कुनाला सांगू नगा. भरतीत नापास करतील." मी त्याला बारामतीच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं, शेवग्याचा पाला खायला सांगितला आणि शब्द दिला.

पाऊस लागला आणि पायरीवरचं बोलणं सुरू झालं. त्या वर्षी एकच विषय होता. पणदऱ्याचं नाव तालुक्यात खराब झालं, ते कुणामुळे?

"सदाची भन वरकुट्यात दिलीया," एक सकाळी कुणीतरी म्हणालं. "भाऊजींना आहेर केला गड्यानं."

लोक हसले. मी रांगेत होते. नेमका तेव्हा सदा कॅन घेऊन आला. हसू थांबलं. तात्यांनी त्याचं दूध घेतलं, नळी बुडवली, आकडा वहीत लिहिला. मग त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या हरण्याने सगळ्यात जास्त दुखावलेला माणूस तेच होते. सात त्यांनी दिलेलं होतं.

"म्हशीचं दूध चोख हाय," तात्या म्हणाले. "गड्यात पानी हाय."

"म्हंजी?" मारुतीआबांनी विचारलं.

"म्हंजी सामना सोडला ह्यानं. भनीच्या सासरसाठी."

सदा गोरामोरा झाला. त्याने फक्त एवढं विचारलं, "तात्या, रीडिंग बराबर हाय का तुमचं?"

"माझं आजपतोर चुकलं न्हाय."

सदाने रिकामा कॅन उचलला. जाताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. बोला असं ते बघणं नव्हतं; उलट, बोलू नका असंच होतं. निदान मी तेव्हा तसा अर्थ लावला. मी शब्द दिला होता हे खरं, पण ते अर्धंच कारण. उरलेलं अर्धं असं, की मला दूध तापवायचं होतं, साडेसातची शाळा होती आणि वीस पुरुषांसमोर तोंड उघडायला मला संकोच वाटला. मी अर्धा लिटर घेतलं आणि घरी आले.

त्या दिवसापासून फळ्यावर पहिलं नाव दुसरंच आलं आणि डेअरीत दूध घालायला सदाची आई येऊ लागली. गाव तिला अक्का म्हणे. सदा डेअरीवरून जाणारा रस्ताच टाळू लागला. मळ्यातून घरी यायला दुसरी वाट होती, कालव्याच्या कडेची. पायरीवर बसलेल्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "बघा, तोंड दाखवत न्हाय. चोराच्या मनात चांदणं." आता तात्या त्यात बोलत नसत. पण थांबवतही नसत.

श्रावण संपता संपता कालव्याला भरून पाणी सुटलं होतं. एका संध्याकाळी सदा वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन त्या वाटेने निघाला आणि घरी पोहोचला नाही. सकाळी भारा पुलाच्या खांबाला अडकलेला सापडला, आणि सदा कालव्याच्या पुढच्या दारापाशी, पाण्यात.

गावाने दोन दिवस हळहळ केली. तिसऱ्या दिवशी पायरीवर कुणीतरी हळूच म्हणालं, "मनाला लागलं असंल. केल्याशिवाय का कुनी उडी टाकतं?" म्हणजे आता जीव गेलेल्या पोरावर दोन ठपके होते, आणि दुसरा पहिल्याची साक्ष देत होता. ते बोलणं झालं तेव्हा अक्का रांगेत उभ्या होत्या. त्यांनी दूध ओतलं, पदराने कॅनचं तोंड पुसलं आणि गेल्या.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी डेअरीत गेले. तात्या एकटेच नळ्या धूत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पायऱ्या, जाईचा वेल, भरतीचा अर्ज, डॉक्टरांची चिठ्ठी. "त्याने उडी टाकली नाही, तात्या. त्याला वाट दिसली नाही. चेंडूही दिसला नव्हता."

तात्यांच्या हातातली नळी तशीच राहिली. नळ चालू होता. त्यांनी तो बंद केला आणि ते शांतपणे म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुमी हितंच हुता की."

एवढंच. ते रागावले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पायरी भरलेली असताना, तात्यांनी यंत्र बंद केलं. त्याची घरघर थांबली की सगळे वर बघत. तात्या म्हणाले, "आयका. सदाला सांजंचं दिसत न्हवतं. सामना सोडला न्हाय त्यानं, उडी टाकली न्हाय. रीडिंग माझं चुकलं." त्यांनी फळ्यावरची अकराही नावं ओल्या फडक्याने पुसली आणि खडू माझ्यापुढे धरला. "बाई, तुमचं अक्षार चांगलं हाय. लिवा."

मी लिहिलं: "सदाशिवला संध्याकाळी दिसत नव्हतं. त्याने सामना सोडला नाही. तो पाय घसरून गेला. माझं रीडिंग चुकलं." खाली त्यांचं नाव. खडू अजून माझ्या हातात होता. मी त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, इंग्रजीत, सहीसारख्या गिचमिड वळणात. तात्यांनी विचारलं, "ह्ये काय?"

"माझी सही," मी म्हणाले.

त्यानंतर तात्यांनी माणसाला आकडा दिला नाही. कुणी गमतीने "तात्या, माझं किती?" म्हटलं तर ते यंत्राकडे बोट दाखवत. पुढचा हंगाम आला, पायरीवर पुन्हा भांडणं झाली, सेंटरला कोण आणि गोलात कोण. तात्या मान खाली घालून नळ्या पुसत राहिले. फळ्यावर संघ पुन्हा लिहिला गेला नाही. तिथे तेवढाच मजकूर राहिला. खडू पुसट झाला की तात्या त्यावरून गिरवत. माझी ओळही गिरवत. अक्षर कळत नसताना, वळणावळणावर खडू ठेवून, जीभ दातांत धरून. मी ते पाहत असे आणि माझी नजर हटत नसे.

अक्कांना वाचता येत नव्हतं. दूध घालून झालं की त्या फळ्याकडे बघून म्हणत, "वाचा की तात्या." आणि तात्या रोज, न कंटाळता, मोठ्याने वाचत. शेवटी स्वतःचं नावही वाचत. रांगेतली माणसं तेवढा वेळ कॅन खाली ठेवून उभी राहत.

तीन वर्षांनी आजोबांची बदली झाली. शेवटच्या सकाळी मी निरोप घ्यायला डेअरीत गेले. अक्का होत्या. त्यांनी माझ्या हातावर घरचं लोणी ठेवलं आणि म्हणाल्या, "बाई, आज तुमी वाचा. आन ती खालची रेघ बी वाचा. तात्याला इंग्रजी येत न्हाय म्हनतो."

मी वाचत गेले. तात्यांच्या नावापर्यंत आले. तात्यांनी यंत्र बंद केलं होतं. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते, पूर्वी माणसांचं माप घेताना बघत तसे. ती ओळ त्यांना वाचता येत नव्हती, पण तिच्यात काय आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असावं. ते थांबले. पुष्कळ थांबले.

"ती माझी सही आहे, अक्का," मी म्हणाले.

तात्यांनी मान वळवली आणि यंत्र सुरू केलं. "चला," ते रांगेला म्हणाले, "फुडचं दूध आना."

आता तात्या नाहीत, अक्काही नाहीत. संध्याकाळ झाली की मी घरातले सगळे दिवे लावते, एकटी असले तरी, आणि त्यावरून तुमची आई मला रागावते. ईशान, तुला मराठी वाचायला वेळ लागतो, इंग्रजीत लिहिलं असतं तर तू पाच मिनिटांत वाचलं असतंस, हे मला माहीत आहे. पण ही एक गोष्ट मी एकदा इंग्रजीत लिहून बसले आहे. फळ्यावरची ती ओळ अशी होती: मला ठाऊक होतं, आणि मी बोलले नाही.