कामापुरती डिग्री

"असोसिएट डिग्री करतेय ती. म्हणजे अर्धी डिग्री. इथे कोटा नाही ना, मग एवढंच झेपतं."

भाऊजी माझ्याबद्दल हे बोलले तेव्हा माझ्या हातात छोल्यांचं पातेलं होतं. ओवीचा, म्हणजे ताई-भाऊजींच्या मुलीचा, दुसरा वाढदिवस. अमेरिकेतलं शॉमबर्गचं घर, खाली बेसमेंट, वीस-पंचवीस माणसं. सगळे आयटीतले. पुण्याचे, मुंबईचे, एखाददुसरा आमच्या नागपूरचा. सगळे हसले. मोठ्यानं नाही. जेवण होऊन सोफ्यात रुतलेली माणसं हसतात तसं, पोट हलवून. मधल्या खुर्चीत मोहनकाका होते. भाऊजींच्या कंपनीतले वरचे साहेब, सगळे त्यांना मान द्यायचे. ते म्हणाले, "अरे, पोरीसमोर असं बोलू नये." आणि तेही हसले.

माझी ताई तिथेच कागदी प्लेटा गोळा करत होती. तिनं मान वर केली नाही.

ताई कोट्यातून इंजिनियर झाली होती. हो, झाली होती. भाऊजी तिच्याच वर्गात. शेवटच्या वर्षाला ताईचे मार्क त्यांच्यापेक्षा जास्त होते. त्या बेसमेंटमध्ये हे तीनच माणसांना माहीत होतं. तिघंही गप्प राहिलो. मी छोले वाढले. लोक जेवले.

आम्ही बौद्ध. बाबा वीज मंडळात लाईनमन. भाऊजी पुण्याचे, वरच्या जातीचे. लग्नाला त्यांच्या घरचं कोणी आलं नाही. आमची अख्खी वस्ती आली. जात मोडणारा जावई म्हणून बाबांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मी तेव्हा शाळेत होते. मलाही ते फार मोठे वाटायचे.

२००३ साली भाऊजींचा फोन आला. ओवी वर्षाची होती, ताईला एकटीला झेपत नव्हतं. "धाकटीला इकडे पाठवा. कॉलेजात घालतो. स्टुडंट व्हिसा, स्पॉन्सर मी." मी एकोणीस वर्षांची. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालेलं. केमिस्ट्री आवडायची. बाबांनी वस्तीत पेढे वाटले.

मी आले तेव्हा कम्युनिटी कॉलेजचा फॉर्म भरून तयार होता. मी केमिस्ट्री म्हटलं होतं. फॉर्मवर ऑफिस सिस्टम्स होतं. टायपिंग, फायलिंग, फोनवर कसं बोलायचं. मी विचारलं तर भाऊजी म्हणाले, "आधी कामापुरतं शिक. दोन वर्षांची डिग्री आहे, होऊन जाईल. पुढचं पुढे बघू."

मला वाटलं, इथे असंच असेल. सगळे असंच सुरू करत असतील.

सकाळी दोन तास. मग बसनं परत. मग ओवी. मग पोळ्या, भांडी, बाथरूम, ड्राइव्हवेतला बर्फ. त्यात मला काही गैर वाटलं नाही. ताईचं घर होतं.

पण त्या घरात ताईला तिची भाषा नव्हती. भाऊजींनी ती काढून घेतली होती. "'पायजे' नाही. पाहिजे. 'राह्यलं' नाही. राहिलं." ताई त्यांच्यासमोर पुण्याचं बोलायची, जपून, निसरड्या फरशीवरून चालल्यासारखं. ते ऑफिसला गेले की आमच्या दोघींचं नागपूर सुरू व्हायचं.

ओवीनं ते ऐकलं. एका संध्याकाळी तिनं बापाकडे हात पसरले आणि म्हणाली, "कुकी पायजे."

भाऊजींनी ओवीला कुकी दिली. तिला टीव्हीसमोर बसवलं. आवाज वाढवला. मग स्वयंपाकघरात आले आणि ताईचे केस धरून तिचं तोंड फ्रिजच्या दारावर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. "माझ्या पोरीच्या तोंडात तुमची वस्ती नको." फ्रिजवरचे चुंबक खाली पडले. मी ते उचलत बसले. खरंच सांगते, मी चुंबक उचलत बसले.

मी मध्ये का पडले नाही? व्हिसा. "एक फोन केला की तू नागपुरात," हे ते पहिल्या महिन्यातच हसत सांगून बसले होते.

जानेवारीत त्यांनी ताईचं मनगट पिरगाळून मोडलं. इमर्जन्सीत मी तिच्यासोबत गेले. नर्सनं ताईला विचारलं, ताई बोलेना. मग मला विचारलं. मी म्हणाले, आईस. बर्फावरून घसरून पडली. नर्सनं माझ्या डोळ्यांत बघून पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणाले, आईस.

ही दोन उत्तरं माझी आहेत. भाऊजींची नाहीत.

दुसरं सेमिस्टर संपत आलं तशी मी कॉलेजच्या ॲडव्हायजरकडे गेले. साठीची काळी बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी सांगितलं, पुढे युनिव्हर्सिटीत जायचंय, केमिस्ट्री करायचीय, इथली दोन वर्षं धरून. तिनं कॉम्प्युटरवर माझं नाव काढलं. मग दोन कागद प्रिंट करून माझ्यासमोर शेजारीशेजारी ठेवले.

म्हणाली, असोसिएट डिग्री एका प्रकारची नसते. आर्ट्सची किंवा सायन्सची असेल तर ती पुढे जायला असते. इथे दोन वर्षं करायची आणि चार वर्षांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला बसायचं. तिसरी असते अप्लाइड. ती नोकरीसाठी. तिच्यात वाईट काही नाही, ज्याला लगेच काम हवं त्याच्यासाठी ती चांगलीच आहे. पण तुझी ती आहे. तुझा इंग्लिशचा कोर्स युनिव्हर्सिटी धरेल. टायपिंग, फायलिंग कोणी धरणार नाही.

"हे तू निवडलंस?"

"माझ्या भाऊजींनी."

"आणि वर्गात कोण बसतं?"

मी दोन्ही कागद बॅगेत घातले.

बसमध्ये मी स्वतःला समजावत होते. त्यांना माहीत नसेल. ते इंडियात शिकले, त्यांना इथले प्रकार कुठून कळणार. घरी आले. त्यांच्या कपाटात कॉलेजचं माहितीपुस्तक होतं. काढलं. डिग्र्यांचं पान उघडलं. त्यांना पिवळा मार्कर मारायची सवय होती, ऑफिसचे कागदही तसेच वाचायचे. त्या पानावर एकच ओळ पिवळी होती. अप्लाइडच्या खालची. ही डिग्री चार वर्षांच्या कॉलेजात ट्रान्सफर होण्यासाठी नाही.

वाचून, समजून, मार्कर मारून त्यांनी मला तिथे घातलं होतं. मी इथून पुढे कुठे जाऊ नये म्हणून. पोळ्या थांबू नयेत म्हणून. आणि बेसमेंटमध्ये पाहुण्यांना सांगत होते, हिला एवढंच झेपतं.

कपाटासमोर मी किती वेळ उभी होते आठवत नाही. डोकं गरम झालं नव्हतं. उलट थंड पडलं होतं. आजपर्यंत मी त्यांना भीत होते. त्या दुपारी कळलं, भीती त्यांनाही वाटते. माझी.

मी डिग्री बदलली. असोसिएट ऑफ सायन्स. कॅल्क्युलस, केमिस्ट्री, फिजिक्स. उन्हाळ्याचे कोर्सही घेतले. घरी सांगितलं, टायपिंगची प्रॅक्टिस असते. लॅबच्या दिवशी उशीर व्हायचा. ताई सांभाळून घ्यायची.

ताईला मी सगळं सांगितलं होतं. पिवळी ओळसुद्धा. दुसऱ्या दिवशी ओवी झोपल्यावर माझं कॅल्क्युलसचं पुस्तक ओढून घेतलं. डायपरच्या खोक्याच्या पाठीवर इंटिग्रेशन करून दाखवलं, एका दमात, कुठेही न खोडता. "बघ बाई, हे असं फोडायचं. काऊन घाबरतेस? गणित आहे, नवरा नाही." आम्ही दोघी हसलो. लग्नानंतर ती माझ्यासमोर तशी हसली नव्हती. ते खोकं मग तिनंच बारीक फाडून टाकलं.

दीड वर्ष आम्ही असं काढलं. दोघींनी. ती डिग्री माझ्या एकटीची नाही.

ट्रान्सफरची ॲडमिशन झाल्याचं पाकीट शनिवारी आलं. शनिवारी पोस्ट भाऊजी काढतात. एवढं मी विसरले.

दुपार होती. मी पोळ्या करत होते, ताई ओवीला भरवत होती. ते पाकीट फोडूनच आत आले.

"कोणाला विचारून?"

मी गॅस बंद केला. "कोणालाच नाही."

त्यांनी मला मारलं नाही. ते ताईकडे वळले. "तुला माहीत होतं." ताई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "हो." त्यांच्यासमोर तिनं इतका स्पष्ट बोललेला तो मला आठवणारा पहिला शब्द. पुढचा बोलायला मिळाला नाही. त्यांनी मूठ मारली. ताईचा ओठ फाटला. ती ओट्यावर आदळली, खाली पडली. मग लाथा. पोटात, बरगडीत. मध्येच पाकीट फाडत होते, तुकडे तिच्या अंगावर फेकत होते. ओवी टेबलापाशी किंचाळत होती. "डॅडी, स्टॉप इट! स्टॉप इट!"

लोखंडी तवा शेगडीवर होता. मी फडक्यानं धरला आणि दोन्ही हातांनी भाऊजींच्या कोपरावर घातला. हाड वाजलं. ते ओरडले, माझ्याकडे वळले. मी दुसऱ्यांदा घातला. खांद्यावर. ते खाली बसले.

मला बरं वाटलं. लोक म्हणतात असं लिहू नये. मी लिहिते. मला बरं वाटलं.

मग मी नाइन वन वन लावला.

पोलिसांनी ताईला विचारलं. ती फरशीवर बसली होती, हनुवटीवर रक्त. म्हणाली, "मी पडले." इंग्लिशमध्ये, स्वच्छ. पोलिसानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाही. यांनी मारलं. आणि यांना मी मारलं. हा तवा." त्यांनी भाऊजींना हातकड्या घातल्या. मला गाडीत बसवून दोन तास प्रश्न विचारले आणि सोडून दिलं. मी एक बॅग उचलली आणि निघाले. ताईला म्हणाले, चल. ती ओवीला घट्ट धरून बसली होती. आली नाही.

नागपूरला फोन केला. बाबा एवढंच म्हणाले, "कॉलेज सोडू नको. मी बँकेत जातो." त्यांच्या कर्जावर आणि ट्रान्सफर विद्यार्थ्यांना मिळते त्या फीमाफीवर मी उभी राहिले. युनिव्हर्सिटीजवळ दोन मुलींसोबत एक खोली घेतली.

तिथे मोहनकाका आले. कॅफेत बसवलं, माझ्यासाठी कॉफी मागवली. कोटाच्या खिशातून टाइप केलेला कागद काढला. त्यात लिहिलं होतं की माझा स्वभाव आक्रमक आहे. भांडण मी सुरू केलं. ताईला झालेल्या जखमा झटापटीत चुकून झाल्या.

"सही कर फक्त. कोर्टात यायचीही गरज नाही. तो तुला पुन्हा स्पॉन्सर करेल, मी शब्द देतो. त्याचं ग्रीन कार्ड अडकलं तर तुझ्या ताईचंच नुकसान आहे, बेटा. आणि आपल्या समाजाची इथे किती बदनामी होतेय."

"कोणत्या समाजाची, काका?"

त्यांनी कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे बघ. तुझ्या ताईनं केलीये सही."

ताईचीच होती. इंटिग्रेशनची खूण काढते तसा लांब फराटा.

मी कागद घडी करून बॅगेत ठेवला.

"अगं, तो मला परत हवाय."

"राहू द्या माझ्याकडे. सरकारी वकिलाला दाखवायचाय."

ते हात पुढे करून बसून राहिले. मी उठले. कॉफीला हात लावला नाही.

कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला. हळू आवाजात. "काऊन करून राहिली तू? चूप राय ना, बाई. मला इथं राह्यचं आहे." मी म्हणाले, "ताई, मी येणार आहे. तू माझ्याविरुद्ध बोललीस तरी येणार आहे."

कोर्टात ती त्यांच्या बाकावर बसली होती. मी सगळं सांगितलं. फ्रिज, मनगट, लाथा. इमर्जन्सीत मी दोनदा खोटं बोलले तेही. तवा दोनदा मारला तेही. काकांचा कागद दाखवला गेला तेव्हा काका मागच्या दारानं निघून गेले. भाऊजींना तुरुंग झाला नाही. प्रोबेशन झालं, म्हणजे देखरेखीखाली बाहेर राहायचं; राग आवरायचे वर्ग लागले. ते घरी गेले. ताई त्यांच्याबरोबर गेली.

मी आता तिसऱ्या वर्षाला आहे. युनिव्हर्सिटीनं ऑफिस सिस्टम्सचा एकही कोर्स धरला नाही. सायन्सचे सगळे धरले.

कोणी मला म्हणतं, तू सुटलीस. मी सुटले नाही. माझी बहीण त्या घरात आहे. मी दर रविवारी फोन करते. भाऊजी उचलतात, माझा आवाज ऐकतात, ठेवून देतात. मी पुढच्या रविवारी परत करते. त्यांना दर आठवड्याला कळलं पाहिजे की या घरावर कोणाची तरी नजर आहे. हात उचलायच्या आधी त्यांना माझं नाव आठवलं पाहिजे. आणि तरी उचललाच, तर मी पुन्हा त्याच कोर्टात उभी राहीन. ताई कुठल्याही बाकावर बसो.