जॅझवाले जीप घेऊन आले

देशाच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी, दिवाळीनंतर भाताची झोडणी चालू असताना आमच्या पाड्यावर एक पांढरी जीप आली. खर्डीहून आत येणारा रस्ता तेव्हा कच्चा होता. त्या रस्त्यानं जीप आली म्हणजे एक तर मतं मागणारे, नाहीतर मोजणी करणारे. निवडणूक होऊन गेली होती. म्हणून शेजारचे तात्या हातातली पेंढी टाकून सरळ रस्त्यावर जाऊन उभे राहिले. तात्यांचं मूळ गाव धरणात गेलेलं. तिथंही आधी अशीच जीप आली होती. उतरलेली माणसं गोड बोलली, ओटीवर बसून आजोबा-पणजोबांची चौकशी करून गेली, आणि पुढच्या वर्षी गावात दगडांवर चुन्याच्या खुणा पडल्या. तात्या ते सगळ्यांना सांगत असत.

या जीपमधून एक बाई उतरली. पन्नाशीची असेल, केस अगदी बारीक कापलेले, खांद्याला टेप रेकॉर्डर. तिनं माझ्या सासऱ्यांची चौकशी केली.

मी त्या वेळी ग्रामपंचायतीची सदस्य होते. बायकांसाठी जागा राखीव झाल्यावर पाड्यात मॅट्रिक झालेली बाई शोधली तर मी एकटीच निघाले. किन्हवलीला माहेर असल्यामुळे माझी शाळा झाली होती. त्यामुळे तात्यांनी तिथल्या तिथे मला हाक मारली. "गो सूनबाय, तू मेंबर हायस ना? मग ईचार त्यांना, काय मोजाया आलेत."

बाई हसली आणि म्हणाली, "आम्ही काही मोजायला आलो नाही. शहरात जॅझचा महोत्सव करतोय. संगीत, देशाचा इतिहास आणि लोकशाही, असा विषय आहे. तुमचे सासरे क्लॅरोनेट वाजवतात ना?"

जॅझ हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचला असेन, ऐकला नव्हता. पण लोकशाहीसाठी महोत्सव करणारी माणसं माझ्या सत्तर वर्षांच्या सासऱ्यांना शोधत खर्डीच्या जंगलात येतात, हे मला जरा जास्तच वाटलं. मी तिला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, आणि बाबांना बोलवायला आत गेले. बाबा घरात नव्हते. मागच्या दारानं बघितलं तर ते गोठ्यात उभे. मला बघून त्यांनी आवाज दाबून विचारलं, "गेली का?"

"बाबा, त्या तुमच्या क्लॅरोनेटचं विचारतायत."

"ठावं हाय मला. नाय म्हन. इकली म्हन."

क्लॅरोनेट रोज खुंटीला असायची. आत येऊन बघितलं तर खुंटी रिकामी. त्यांनी ती भाताच्या कणगीत खुपसली होती. काळी नळी वर आलेली दिसत होती.

बाबांबद्दल आम्हाला एवढंच माहीत होतं: तरुणपणी घाटात रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये काम, नंतर पुष्कळ वर्षं शहापूरच्या एका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट. नवरदेव मांडवात जाईपर्यंत सिनेमातली गाणी, आणि मंडळी जेवायला बसली की बाबा एकटेच काहीतरी वेगळं वाजवायचे. ते कुणाला ओळखू यायचं नाही. बँडमधले त्याला इंग्रजी चाल म्हणत. बँडच्या मालकानंच ह्या बाईला पत्ता दिला होता.

"मग लपता कशाला?" मी परत गोठ्यात जाऊन विचारलं.

त्यांनी गव्हाणीतला पेंढा सारखा केला. मग म्हणाले, "ती साहेब लोकांची हाय. क्लबातली. आता पन्नास वर्सांनी न्याया आले."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की घाटातल्या एका स्टेशनाजवळ साहेब लोकांचा क्लब होता. शनिवारी तिथं नाच व्हायचा. वाजवणारे बाहेरून यायचे. त्यात गोव्याचा एक क्लॅरोनेटवाला होता. तो रविवारी सकाळी रुळाकडेला बसून वाजवायचा आणि बाबा त्याच्यासमोर जाऊन बसायचे. इंग्रज जाताना क्लब मोडला, तेव्हा त्या माणसानं क्लबाच्या मालकीची ही क्लॅरोनेट बाबांच्या हातात ठेवली आणि तो निघून गेला. देण्याचा हक्क त्याला होता की नव्हता, हे बाबांना कधीच समजलं नाही. म्हणून त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

मी बाहेर येऊन बाईला सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "वाद्य त्यांचं आहे. ते कुणी नेणार नाही, असं आधी कबूल करा."

ती म्हणाली, "आम्हाला वाद्य नकोय. आम्हाला ते वाजवणारे हवेत."

ती आणखी दोनदा आली. दुसऱ्या खेपेला बाबांनी तिला चहाबरोबर दोन चाली ऐकवल्या आणि त्या साहेबांच्या क्लबात वाजायच्या, एवढं सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती आणि मी तिच्या टेप रेकॉर्डरचा लाल दिवा बघत होते. पाड्यात मात्र रोज नवीन बातमी. कुणी म्हणे, म्हाताऱ्याला शहरात नेऊन अंगठा घेतील. कुणी म्हणे, धर्म बदलायला लावतील. तात्या म्हणाले, "मानूस नेतील, परत आनतील, आन मागून जमीन जाईल." माझा नवरा आसनगावला कारखान्यात होता. त्याला रजा मिळाली नाही, म्हणून बाबांबरोबर मी जायचं ठरलं. मला बाईपेक्षा त्या महोत्सवाचा संशय येत होता. आमच्या भागातून नाचणाऱ्या माणसांना सरकारी कार्यक्रमांना नेतात, डोक्याला पिसं बांधतात आणि पाहुण्यांसमोर उभं करतात, ते मी बघितलं होतं. बाबांचं तसं व्हायला नको होतं. जाताना मी त्यांना लग्नात घालायचा पांढरा सदरा आणि कोट घातला. पिसांना जागाच ठेवली नाही.

शहरात मैदानावर मोठा मंडप होता. मागं पडद्यावर जुने फोटो: झेंडे, मिरवणुका, मतदानाच्या रांगा. स्टेजवर एक परदेशी ढोलवाला, एक पियानोवाला आणि सुटाबुटातला क्लॅरोनेटवाला. आमच्या बँडात सगळे एकदम वाजवतात; जो जोरात वाजवेल त्याचं ऐकू येतं. इथं एक जण पुढं यायचा, त्याच्या मनात येईल ते वाजवायचा, तोवर बाकीचे हळू व्हायचे. मग तो मागं जायचा आणि दुसरा पुढं. सूत्रसंचालक माइकवर म्हणाला, हीच लोकशाही, प्रत्येकाला पाळी मिळते आणि बाकीचे ऐकतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आमच्या पंचायतीची मीटिंग आठवली. माझी पाळी यायची तेव्हाच चहा यायचा.

मग सूत्रसंचालकानं बाबांना बोलावलं. त्याआधी पंधरा-वीस मिनिटं तो मागच्या बाजूला त्यांच्याशी बोलत होता आणि मी ऐकत होते. "बाबा, स्वातंत्र्याच्या रात्री क्लबात गोरे आणि आपले लोक एकत्र नाचले होते ना? तेवढं सांगा. फार सुंदर आठवण आहे." बाबांनी मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसती ऐकल्याची, ते मला कळलं नाही. अशी आठवण बाबांनी मला कधी सांगितली नव्हती. मी बाईकडे बघितलं तर ती दुसरीकडेच बघत होती.

स्टेजवर बाबा माइकच्या फार जवळ उभे राहिले. त्यांचा श्वास आधी ऐकू आला. सूत्रसंचालकानं विचारलं, "त्या रात्री क्लबात सगळे एकत्र नाचले, खरं ना?"

"नाचले असतील," बाबा म्हणाले. "आमी खिडकीबाहेर उबं होतो. आमाला आत घेत नव्हते. त्या रातीबी नाय घेतला."

सूत्रसंचालक हसला, काहीतरी म्हणाला आणि बाबांना वाजवायची खूण केली. बाबांनी वाजवायला घेतलं. सुरुवातीला सूर फाटला. समोरचे दोन दात हलत होते, त्यांना फुंक नीट धरता येत नव्हती. परदेशी ढोलवाल्यानं काठ्या खाली ठेवल्या, तारांचे ब्रश घेतले आणि अगदी हळू ठेका धरला. मग बाबांचा सूर लागला. ती तीच चाल होती जी मी लग्नात, भांड्यांच्या आवाजात, ऐकत आले होते. इतकी लांब आणि इतकी उदास आहे हे मला माहीत नव्हतं. सुटातला क्लॅरोनेटवाला नंतर पुढं आला आणि तीच चाल स्वतःच्या पद्धतीनं वाजवली. बाबा कान देऊन ऐकत होते. मला रडू आलं. त्या तेवढ्या वेळात मला कुणाचा संशय आला नाही.

आम्ही घरी निघालो तेव्हा बाई म्हणाली, "हा कार्यक्रम सव्वीस जानेवारीला रेडिओवर लागेल. बाबा जे बोलले तेसुद्धा." मी पाड्यात सगळ्यांना सांगितलं, बाबा स्टेजवर काय बोलले ते. तात्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, रेडिओवर ऐकू तवा खरं.

सव्वीस जानेवारीला शाळेचं झेंडावंदन आटोपून आमच्या ओटीवर वीसेक माणसं जमली. रेडिओ लागला. सूत्रसंचालकाचा आवाज आला: एकेकाळी ज्या क्लबात गोरे आणि भारतीय एकत्र नाचले, तिथली धून ऐकू या. लगेच बाबांची क्लॅरोनेट. बाबांचं बोलणं नाहीच. खिडकी नाही, काही नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "तू तर म्हनलीस बोलले," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शहापूरला जाऊन मी एसटीडी बूथवरून बाईला फोन केला. ती म्हणाली, "वेळ कमी होता. मी नाही कापलं ते." मी म्हटलं, "गोऱ्यांचं नाचणं सांगायला वेळ होता." मग ती म्हणाली, "मला काही गोष्टींची खात्री करायची होती." कसली खात्री, असं मी विचारलं तर लाइन तुटली. तिनं ठेवला की लाइन गेली, कोण जाणे. मी परत लावला नाही. म्हाताऱ्या माणसाचं खरं बोलणं ह्यांना नको होतं, हे मी मनात पक्कं करून टाकलं. पुढं कित्येक दिवस भेटेल त्याला तेच सांगत होते.

शिमग्याला मुरबाडहून आत्या आल्या, बाबांची थोरली बहीण. त्यांनाही मी रागारागानं सगळं सांगितलं. त्या पोळी लाटता लाटता थांबल्या. "स्वातंत्र्याच्या राती? गो, तवा हा घरी व्हता. तापानं फणफणलेला. मी त्याच्या डोक्यावर पानी सोडत व्हते. क्लबात कुठला जातोय."

बाबा ओटीवर बसून ऐकत होते. मी बाहेर जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"बाबा, आत्या म्हणतात ते खरं?"

"खरं हाय."

"मग स्टेजवर तसं का बोललात?"

"बाकीच्या समद्या राती मी खिडकीलाच व्हतो," ते म्हणाले. "त्या एका रातीच नव्हतो. त्या रातीचं त्यानंच ईचारला. दुसऱ्या रातीचं कोन ईचारतंय?"

बाईला हे कुठून तरी कळलं होतं का? तिनं घाटातल्या आणखी कुणाला विचारलं असेल, कोण जाणे. की वेळ कमी होता एवढंच खरं? आणि खात्रीच करायची होती तर गोरे आणि आपले एकत्र नाचल्याची खात्री तिनं कुणाकडून केली? हे प्रश्न मी तिला विचारले नाहीत. पत्ता होता, फोन होता. विचारलं तर उत्तर मिळेल आणि त्या उत्तरावर माझा विश्वास बसणार नाही, हे मला ठाऊक होतं.

त्यानंतरच्या पंधरा ऑगस्टला शाळेच्या गुरुजींनी बाबांना बोलावलं. रेडिओवर आलेले आमच्या गावचे पाहुणे, म्हणून. पोरं पावसात ओल्या पटांगणावर उभी होती. मी पंचायतीतर्फे खुर्चीवर होते आणि बाबा आता काय सांगणार, याचीच मला काळजी होती.

बाबा उठले. "ज्या राती देश सुटला त्या राती मी घरी आजारी व्हतो," त्यांनी सांगितलं. "मी काय बगितला नाय. जे बगितला ते त्याच्या आदीचं." आणि मग त्यांनी खिडकी सांगितली: चिखलात उभं राहून, टाचा उंच करून, काच धुक्यानं भरली की बाहीनं पुसायची, आत दिवे, बायकांचे झगे, आणि रविवारी रुळाकडेला बसलेला तो गोव्याचा माणूस, जो कधी घे म्हणाला नाही, नुसती क्लॅरोनेट पुढं करायचा. पोरं चुळबुळ करत होती. वाजवायला लागल्यावर गप्प झाली.

परत येताना तात्या माझ्याबरोबर चालत होते. शेतापाशी आल्यावर थांबले. मग म्हणाले, "आजारी व्हतो म्हनला, ते बरा केला. पन सूनबाय, खिडकीचं तरी खरं असंल ना?"

"असेल," मी म्हटलं.

तात्यांनी मान हलवली आणि आपल्या शेताच्या बांधावरून खाली उतरले.