‘वाजवणार नाही’

आमच्या बँडमध्ये वीस वर्षं क्लॅरोनेट वाजवणारा माझा भागीदार लग्नाला निघण्याआधी क्लॅरोनेटच्या तोंडाला लावायची वेताची पत्ती कोऱ्या चहात बुडवायचा. पाण्यात भिजवली की सूर कच्चा निघतो, असं त्याचं म्हणणं. खरंखोटं देव जाणे, पण नंदुरबारच्या आमच्या दुकानात त्यापायी चहा कधी एका कपात भागला नाही. सुपाऱ्या मी घ्यायचो, माणसं मी सांभाळायचो. सूर मात्र त्याचा. एकदा कोरीटच्या लग्नाला जाताना टेम्पो चिखलात रुतला, तर हा पठ्ठ्या टपावर चढून वाजवायला लागला आणि अर्धं वऱ्हाड टेम्पो ढकलायला धावलं. ते दिवस आठवले की अजून हसू येतं.

मोडलं ते माझ्या हट्टापायी. मला मोठे स्पीकर आणि कॅसिओची गाडी हवी होती, त्याला पितळी बँडच ठेवायचा होता. शब्दाने शब्द वाढला आणि भागीदारी मोडायची ठरली. बँडचं नाव माझ्याकडे राहणार होतं. त्याने तीन वर्षं जिल्ह्यात बँडचा व्यवसाय करायचा नाही, असं वकिलांनी मसुद्यात घातलं. तेवढं पुरे होतं, पण माझं डोकं तापलेलं. म्हटलं, हा फुकट वाजवून माझी गिऱ्हाइकं तोडेल. ‘व्यवसाय करणार नाही’ हे खोडा, ‘वाजवणार नाही’ असं लिहा. वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. त्याने ते दोनदा वाचून सही केली.

तो नवापूरला कोंबड्यांच्या फार्मवर कामाला लागला. दुसऱ्याच वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तिच्या पाठवणीला तिचा हा चाचाच वाजवणार, हे ती एवढीशी होती तेव्हापासून घरात पक्कं होतं. पत्रिका घेऊन मी नवापूर गाठलं. चुकलो म्हणालो, तो शब्द मागे घेतो, हवं तर लिहून देतो. त्याने आधी मला पोटभर जेवू घातलं, मग बोलला.

"सख्खा पुतन्याना लगीनमा बी मी वाजाडं नही. भाऊ वर्षभर बोलना नही मन्हासंगे. आते तुन्ही पोरना लगीनमा वाजाडसू, ते त्याले काय तोंड दखाडू?"

पुतण्याच्या लग्नाचं मला ठाऊकच नव्हतं. माझा धंदा राखायला लिहून घेतलेला शब्द दोन सख्ख्या भावांच्या मध्ये जाऊन बसला होता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आग्रह न करता पत्रिका त्याच्या हातात ठेवली आणि निघालो.

लग्नाला तो सहकुटुंब आला, पंगतीत वाढायलाही उभा राहिला. पाठवणीच्या वेळी माझा नवा क्लॅरोनेटवाला वाजवू लागला, तशी मुलगी गाडीत बसता बसता थांबली आणि तिने चाचाचा हात धरला. "चाचा, तुम्ही का बरं नही वाजाडतस?"

मी शेजारीच उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बेटी, आते छातीमा दम नही ऱ्हायना," तो म्हणाला.

मुलगी सासरहून दर फोनला विचारते, चाचाने छाती डॉक्टरला दाखवली का. दाखवली, बरा आहे, असं मी सांगतो.