शकुबाईचा अंगठा

सौंसरच्या बाजारपेठेत उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नाकं पाहिली, तर त्यातली निम्मी शकुबाईनं घडवलेली होती. देवानं दिलेलं नाक तिला कधी पसंत पडलं नाही. बाळ पाच दिवसांचं झालं की शकुबाई त्या घरच्या न्हाणीत पाय पसरून बसे, बाळाला पायांवर आडवं घेई आणि तिळाच्या तेलात बुडवलेल्या बोटांनी देवाच्या चुका दुरुस्त करायला लागे. चपटं नाक चिमटीत धरून वर काढायचं, डोकं तळव्यांत धरून गोल करायचं, कान चेपायचे. आणि मुलगा असला, की सगळ्यात शेवटी उजव्या अंगठ्याचं काम. त्याच्या लघवीच्या जागेची कातडी अंगठ्यानं मागे ओढायची, आत तेलाचा थेंब सोडायचा आणि ‘झालं साफ’ म्हणून जाहीर करायचं. पोरगं टाहो फोडी. दाराआड उभी असलेली त्याची आई डोळे मिटून घेई. शकुबाई म्हणे, “रडू द्या न बाप्पा, छाती मोकळी होते.”

ही विद्या तिला तिच्या रामाकोना गावच्या सासूनं दिली होती आणि सासूला तिच्या सासूनं. मागे कुठवर जात होती ते कुणी पाहिलं नव्हतं, म्हणजे ती बरोबरच असणार. तीस वर्षांत शकुबाईच्या हाताखालून किती पोरं गेली याचा हिशेब तिनं ठेवला नव्हता. त्यातल्या किती पोरांना पुढे ताप आला, हे विचारण्याचा आगाऊपणा गावानं केला नव्हता.

शकुबाईच्या घरासमोर, गल्लीच्या पलीकडे, देवकाबाई राहायची. या दोघी अठ्ठावीस वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. शकुबाईचा पहिला मुलगा नत्थू अकरा महिन्यांचा होऊन तापानं गेला होता. तो तीन महिन्यांचा असताना देवकाबाईनं त्याला पाहून “किती गोरंगोमटं पोट्टं आहे वं!” असं म्हणण्याचा गुन्हा केला होता. तेव्हा तिची स्वतःची कूस उजवलेली नव्हती. आणखी काय पुरावा पाहिजे? त्याच आठवड्यात नत्थूला पहिला ताप आला आणि शकुबाईनं गल्लीच्या मधोमध उभं राहून ‘नजर हिचीच’ असा निकाल लावला. पुढे देवकाबाईला तीन मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली, तिचा नवरा वारला, शकुबाईचाही वारला, पण निकाल बदलला नाही. अगदी बोलणं भागच पडलं तर दोघी देवकाबाईच्या बकरीशी बोलत. “बकरे, नळ आला म्हणा, झोपून कायले राहिले लोकं!” असं एकीनं म्हणायचं आणि दुसरीनं घागर उचलायची. त्या बकरीच्याही तीन-चार पिढ्या झाल्या, पण मध्यस्थी घराण्यातच राहिली.

शकुबाईचा दुसरा मुलगा रामाजी मात्र जगला. नुसता जगला नाही, पंचायत समितीत चपराशी झाला. माझ्या हाताचं हे पोरगं पहा, असं ती घरोघर सांगे. शहाऐंशीच्या पावसाळ्यात या रामाजीला मुलगा झाला आणि शकुबाईला तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक घरातच मिळालं. नाव ठेवलं गुड्डू. या आंघोळीत तिनं काही म्हणता काही कमी केलं नाही. परक्याच्या पोराला अंगठा एकदा, तर नातवाला दोनदा.

गुड्डू चौथ्या महिन्यात तापानं फणफणला. शकुबाईनं लगेच ओट्यावर येऊन समोरच्या दाराकडे पाहिलं. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, ठसका लागून सगळं घर खोकलं, पण ताप हटला नाही. मग रामाजीनं बाजारातल्या डॉक्टरांकडून लाल औषधाची बाटली आणली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि बाटली फळीवर गेली. डॉक्टरांनी दहा दिवस सांगितलं होतं, पण बरं झालेल्या पोराला औषध पाजायला या घरात कुणी वेडं नव्हतं. महिन्यानं ताप परत आला. फळीवरची उरलेली बाटली पाजली. पुढच्या महिन्यात पुन्हा आला, तेव्हा जामसांवलीला नेऊन मारुतीच्या पायांवर घातलं. त्याही खेपेला ताप उतरला आणि त्याही खेपेला परत आला. दर वेळी उतरत्या तापाचं श्रेय शकुबाईच्या मिरच्यांना मिळे आणि चढत्या तापाचं देवकाबाईच्या डोळ्यांना.

सून नलिनी मोहगावची. आठवी पास, पण घरात तिचा आवाज कुणी फारसा ऐकलेला नव्हता. चौथ्या तापात गुड्डूनं दूध तोंडात धरणंच सोडलं, मान टाकली. तेव्हा तिनं त्याला टॉवेलात गुंडाळला, खांद्यावर घेतला आणि पायात चपला सरकवत म्हणाली, “आत्याबाई, मी पांढुर्ण्याले चालली. तिथं लेकराइचा डॉक्टर आला म्हणते. तुमाले यायचं असंन तं या.”

रामाजी आईच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. शकुबाई उठली, तसा तोही निघाला. डॉक्टरवर देखरेख ठेवायला कुणीतरी पाहिजेच होतं.

पांढुर्ण्याचा डॉक्टर जेमतेम तिशीचा होता आणि त्याचं नाक शकुबाईच्या दृष्टीनं फारच बसकं होतं. म्हणजे त्याला कुणी नीट आंघोळ घातलेली नव्हती, त्याच्याकडून काय अपेक्षा करायची! त्यानं छाती तपासली, कान पाहिले, आणि मग गुड्डूची लघवी स्वच्छ बाटलीत धरून द्या म्हणाला. त्यात पाऊण तास गेला. ताप अंगात आणि तपासणी लघवीची, हे पाहून शकुबाईला त्याच्या शिक्षणाची कीव आली.

तपासणीचा कागद हातात आल्यावर डॉक्टर गंभीर झाला. “लघवीत पू आहे. प्रत्येक तापाच्या वेळी हेच झालेलं असणार. लघवी करताना रडतो का?”

“किंचाळते जी,” नलिनी म्हणाली.

“पोट्टे रडतेच,” शकुबाई म्हणाली.

“लघवी करताना रडत नसतात, आजी. हा आजार असाच उलटत राहिला तर मूत्रपिंडाला डाग पडतात. ते मग जन्मभर भरून येत नाहीत. जीवावरही बेततं.”

रामाजीचा चेहरा उतरला. पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, असं त्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाला, “आधी औषध पूर्ण दहा दिवस. मधे थांबायचं नाही. ओला लंगोट अंगावर वाळू द्यायचा नाही, लगेच काढायचा. आईचं दूध भरपूर. पोट साफ राहिलं पाहिजे. एवढं करूनही थांबलं नाही, तर नागपूरला मूत्रपिंडाचा फोटो काढू आणि लागलंच तर ती पुढची कातडी काढून टाकायचा विचार करू. त्यानं हा आजार कमी होतो, असं अलीकडे बाहेरच्या देशातल्या डॉक्टरांनी लिहिलंय.”

“आपल्यात नाई करत जी तसं,” रामाजी एवढ्या जोरात म्हणाला की बाहेर बसलेल्या बायका आत डोकावल्या.

“आज कुठे करतोय? बहुतेक मुलांना गरजच पडत नाही.” डॉक्टरनं गुड्डूला पुन्हा टेबलावर घेतलं, नीट वाकून पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. “इथं चिरा आहेत. जुन्या आणि ताज्या. याला आंघोळ कोण घालतं?”

नलिनी खाली पाहू लागली. शकुबाईचा ऊर भरून आला. इतक्या वेळानं का होईना, माणसानं शहाणपणाचा प्रश्न विचारला होता.

“मी!” ती पुढे झाली. “साऱ्या सौंसरात इचारा. हे पाय, असं धरायचं अन् असं...” तिचा अंगठा कामाला लागणार, तोच डॉक्टरनं तिचं मनगट धरलं.

“हेच! हेच बंद करा. ही कातडी जन्मतः आत चिकटलेली असते. आपली आपण सुटते. कुणाची दोन वर्षांत, कुणाची सातव्या-आठव्या वर्षी, कुणाची त्याहून उशिरा. ओढली की फाटते, फाटलं की जंतू घुसतात. बाहेरून साधं पाणी घाला, बस. आत काही साफ करायचं नसतंच.”

“तीस वर्षं झाले मले करून!”

“सगळ्यांना त्रास होत नाही. ज्यांना झाला ते तुमच्याकडे तक्रार घेऊन आले नसतील.”

परतीच्या मोटारीत शकुबाई खिडकीबाहेर पाहत बसली. कालचं पोरगं तिला आंघोळ शिकवत होतं. सौंसर आल्यावर तिनं तोंड उघडलं, ते डॉक्टरच्या बसक्या नाकावर बोलायला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती तेलाची वाटी घेऊन न्हाणीत गेली, तर तिथं नलिनी पाय पसरून बसली होती.

“आजपासून मी घालीन,” ती म्हणाली. आणि जागची हलली नाही.

“घाल! महिन्याभरात ताप नाई आला तं माहं नाव बदलजो!”

मग शकुबाई ओट्यावर बसून तापाची वाट पाहू लागली. ती किती मन लावून वाट पाहत होती म्हणून सांगू! रोज सकाळी गुड्डूच्या कपाळाला हात लावायचा आणि तो गार लागला की तोंड पाडायचं. सख्ख्या नातवाला ताप यावा म्हणून कान टवकारून बसलेली आजी साऱ्या तालुक्यात ही एकच असेल. एका सकाळी हे तिच्याच लक्षात आलं. तिला स्वतःची लाज वाटली, फार लाज वाटली, आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

महिना गेला. दुसरा गेला. औषध दहा दिवस पुरं झालं होतं, लंगोट दोरीवर दिवसभर फडफडत होते. गुड्डूच्या मांड्यांना वळ्या पडल्या. याच दिवसांत शकुबाईच्या अंगठ्याला चिंधी दिसू लागली. अंगठा मुरगळला, असं ती घरोघर सांगे. एखाद्या बाळंतिणीच्या सासूनं विचारलं, “वं शकुबाई, पोराचं साफ नाई केलं आज?” तर शकुबाई चिंधी दाखवून म्हणे, “बाहिरून पाणी घातलं, पुरे आहे.” चूक कबूलही करायची नाही आणि पुन्हा करायचीही नाही, असा मोठा सोयीचा मार्ग त्या चिंधीनं काढला होता. दोन घरांनी दुसरी बाई लावली. बाकीच्या घरची पोरं, कुणाला काही न कळता, सुटली.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी गुड्डू तिच्या मांडीवर होता. तिच्याकडे टकमक पाहत त्यानं अशी काही धार सोडली की लुगडं, पदर, चिंधी सगळं भिजलं. आणि तो हसत होता. लघवी करताना हसत होता.

शकुबाई हसली नाही. तिला नत्थू आठवला. नत्थू असा कधी हसला नव्हता, किंचाळायचा. लघवीच्या आधी अंग ताठ करायचा आणि किंचाळायचा. ताप यायचा, जायचा, महिन्यानं परत यायचा. त्या अकरा महिन्यांत तिनं रोज, एक दिवसही न चुकता, त्याला साफ केलं होतं. शेवटच्या दिवशीसुद्धा.

ती तशीच ओल्या लुगड्यात उठली. मग गुड्डूला नलिनीच्या हातात देऊन गल्ली ओलांडून गेली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

देवकाबाई अंगणात बकरीला पाला टाकत होती. तिनं मान वर केली नाही. “बकरे,” ती म्हणाली, “इचार बरं लोकाइले, अंगठ्याले काय झालं? दोन महिने झाले, चिंधी दिसून राहिली.”

शकुबाई बकरीकडे वळली. “बकरे,” ती म्हणाली, “सांग म्हणा तुह्या मालकिनीले. अंगठ्याले काई नाई झालं. अन् माह्या नत्थूले...”

देवकाबाईनं हातातला पाला खाली ठेवला.

“बकरीले कायले सांगून राहिली? मले सांग.”

शकुबाईनं अंगठ्यावरची चिंधी सोडली. अंगठा धडधाकट होता.

“तुही नजर नव्हती, देवका,” ती म्हणाली. “असंन तं हा होता.”